थंड ध्रुवीय समुद्रातल्या माशांचे परजीवी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत प्राणिशास्त्र शिकवतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला कृष्णेतला मासा उघडला की आतड्यात हमखास काहीतरी वळवळतं आणि पोरांचे प्रश्न सुरू होतात. एकदा वर्गात ध्रुवाकडच्या माशांचा विषय निघाला, तेव्हापासून प्रश्नांचा ओघ तिकडेच वळला आहे. विद्यार्थी विचारतात, त्यांचे पालक विचारतात, मिरजेच्या मासळी बाजारात भेटणारे ओळखीचेही विचारतात. जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

ध्रुवीय समुद्र नेमका किती थंड असतो? तिथे जंत गोठत कसे नाहीत?

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी हिवाळ्यात दव गोठतं, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्याहून अंटार्क्टिकाचा समुद्र फार थंड नसतो, फक्त तो वर्षभर तसाच राहतो. खारं पाणी उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठतं. त्यामुळे द्रवरूपातल्या समुद्राचं तापमान त्याच्या खाली जाऊच शकत नाही.

खरी अडचण माशाची असते. माशाचं रक्त समुद्राहून कमी खारट, ते साधारण उणे ०.७ अंशालाच गोठायला लागतं. तरी तिथले मासे पोहत असतात, कारण त्यांच्या रक्तात साखर जोडलेली विशिष्ट प्रथिनं असतात. बर्फाचा बारीक स्फटिक अंगात शिरला तर ही प्रथिनं त्याला चिकटतात आणि वाढू देत नाहीत. आर्थर डीव्ह्रीज यांनी १९६०च्या दशकात अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो भागात हे शोधून काढलं. उत्तर ध्रुवाकडच्या पोलर कॉड माशातही जवळजवळ तशीच प्रथिनं आहेत. दोन्ही माशांचं नातं दूरचं, पण गरज एकच होती आणि दोन्हीकडे तोच उपाय वेगवेगळा घडला.

बाहेरून चिकटणाऱ्या जळवांचं आणि कवचधारी परजीवींचं गणित सोपं आहे. त्यांच्या अंगातलं पाणी समुद्राइतकंच खारट असतं, त्यामुळे समुद्र गोठत नाही तोवर तेही गोठत नाहीत. आतल्या जंतांना तर माशाच्या अंगाचाच आडोसा मिळतो.

म्हणजे थंडीचा त्यांच्यावर काहीच परिणाम नाही?

आहे. सगळं सावकाश होतं. उष्ण पाण्यात जे अंडं काही दिवसांत फुटेल, त्याला तिथे आठवडे-महिने लागतात. वाट पाहणं हाच या जिवांच्या आयुष्याचा मोठा भाग आहे.

इतक्या लांबच्या, स्वच्छ समुद्रात जंत कमीच असतील ना?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्यामागे ‘जंत म्हणजे घाण’ ही आपली लहानपणापासूनची समजूत असते. पाय धुऊन घरात ये, नाहीतर जंत होतील, हे ऐकतच आपण मोठे झालो. माणसाच्या पोटातल्या जंतांपुरतं ते खरंही आहे. समुद्रात मात्र हे उलटं आहे. ज्या जंताला आयुष्य पुरं करायला तीन-चार वेगवेगळे प्राणी लागतात, तो तिथेच टिकतो जिथे ते सगळे प्राणी भरपूर आहेत आणि एकमेकांना खाऊन आहेत.

इटलीतल्या संशोधकांनी उत्तर आणि दक्षिण गोलार्धातल्या अशा जंतांची तुलना करून २००७ मध्ये मांडणी केली. अंटार्क्टिकाच्या बाजूला माशांमधली लागण जास्त आढळली, आणि जंतांमधली आनुवंशिक विविधताही जास्त. त्यांनी लावलेलं कारण असं : तिथल्या समुद्राला माणसाचा हात कमी लागला आहे, त्यामुळे जंतांना पोशिंदे, म्हणजे ज्यांच्या अंगात ते राहतात ते प्राणी, कमी पडलेले नाहीत. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. मासा उघडल्यावर जंत दिसले, तर त्या समुद्रात सील आहे, देवमासा आहे, बारीक कोळंबीसारखं क्रिल आहे, हे सगळं ते जंत सांगत असतात.

एका जंताचा जन्मापासूनचा प्रवास सांगाल का?

ॲनिसाकिस घेऊ, कारण त्याचे भाऊबंद आपल्या बाजारातही भेटतात.

देवमाशाच्या किंवा डॉल्फिनच्या जठरात मोठे झालेले जंत घोळक्याने भिंतीला तोंड खुपसून बसलेले असतात. त्यांची अंडी विष्ठेबरोबर समुद्रात पडतात. अंड्यातून बाहेर आलेली अळी क्रिल किंवा तसला बारीक कवचधारी जीव गिळतो. त्याला मासा किंवा माकूळ खातो. माशाच्या पोटात अळी आतड्याची भिंत फोडून बाहेर पडते, यकृतावर किंवा आतड्याभोवतीच्या पडद्यावर चपटी गुंडाळी करून बसते आणि थांबते. या माशाला मोठ्या माशाने खाल्लं, तर अळी त्याच्यात जाऊन पुन्हा गुंडाळी करते. असं कितीही वेळा होऊ शकतं. शेवटी देवमाशाने मासा गिळला, की तिची वाट पाहणं संपतं आणि ती प्रौढ होते.

तिचे सख्खे शेजारी दोन. सूडोटेरानोव्हा हा सीलचा जंत. याची अळी तांबूस आणि थोडी मोठी असते, बऱ्याचदा थेट माशाच्या मांसात सापडते. दुसरा काँट्रासीकम. अंटार्क्टिकात वेडेल सीलच्या पोटात याच्या दोन जाती एकत्र नांदतात, हजारोंच्या संख्येने. १९९०च्या सुमारास वेडेल समुद्रात काम करणाऱ्या संशोधकांना त्यात एक सुंदर गोष्ट दिसली. एक जात वरच्या पाण्यातल्या माशांमधून सीलपर्यंत येते, दुसरी तळालगतच्या माशांमधून. सील तीच, पोट तेच, पण येण्याच्या वाटा दोन. सीलच्या पोटातले जंत नीट वेगळे करून मोजले, तर सील कुठे बुडी मारून काय खाते हे तिच्यामागे न जाता कळतं.

ज्या माशाच्या रक्तात लाल रंगच नाही, त्याला जळू लागते का?

लागते. आधी त्या माशाबद्दल. अंटार्क्टिकातल्या आइसफिश कुळातल्या माशांत हिमोग्लोबिनच नसतं. रक्त पाण्यासारखं, फिकट. डिटलेफ रुस्टाड या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९२७ मध्ये बुवे बेटाजवळ असा मासा पाहिला. योहान रूड यांनी १९५४ मध्ये त्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा जगाचा विश्वास बसला. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, तो नुसत्या रक्तद्रवात वाहून नेऊन हा मासा जगतो. त्यासाठी हृदय मोठं आणि रक्तही भरपूर.

ते फिकट रक्त पिणारी ट्रुलिओब्डेला कॅपिटिस नावाची जळू आहे. तिच्या नावातच डोकं आहे आणि ती सापडतेही माशाच्या डोक्यावर.

सातारकरांना जळू सांगावी लागत नाही. पावसाळ्यात कोयनेच्या रानात शिरलं की ती मोज्यातून आत येते आणि मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की गळून पडते. समुद्रातल्या जळवेचा जन्मच मिठात. आपल्या रानातल्या जळवेला जे जीवघेणं, त्यातच ही वाढते. कुळं वेगळी असली तरी दोघी जळवांच्या एकाच मोठ्या गटातल्या, हे पोरांना सांगितलं की वर्गात क्षणभर शांतता होते.

उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातली जळवेची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. जोहान्सोनिया आर्क्टिका ही तिथली जळू कॉड माशाचं रक्त पिते आणि पिताना त्याच्या रक्तात ट्रिपॅनोसोम नावाचे एकपेशीय परजीवी सोडते. जनावरांना सर्रा होतो, त्या रोगाच्या जंतूंचे हे नातेवाईक. या जळवेला अंड्यांचे कोश चिकटवायला कठीण पृष्ठभाग लागतो आणि तळ तर चिखलाचा. १९६०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमधला लाल किंग क्रॅब आणून तिथे सोडला. खेकडा वाढला, पसरला आणि त्याची पाठ जळवांना कोश चिकटवायला आयती मिळाली. खेकडा माशाला चावत नाही, रोग देत नाही, तरी माशाच्या रक्तातल्या रोगाशी त्याचा असा संबंध येतो.

शार्कच्या डोळ्यात लटकणारा किडा खरा आहे का?

खरा आहे. ग्रीनलंड शार्कच्या डोळ्याच्या बुबुळावर ओमॅटोकॉइटा नावाचा एक कॉपीपॉड, म्हणजे बारीक कवचधारी जीव, चिकटतो. मादी तीन ते पाच सेंटिमीटर लांब, फिकट पिवळसर, डोळ्यातून दोरा लोंबावा तशी दिसते. त्यामुळे बुबुळावर वण पडतात. तो किडा चमकून माशांना शार्ककडे ओढतो, ही कथा सगळीकडे फिरते, तिला पुरावा नाही. शार्क अंधाऱ्या, खोल पाण्यात राहतो आणि वासावर बरंच भागवतो, म्हणून त्याचं चालतं.

याच शार्कच्या डोळ्यातल्या भिंगावरून २०१६ मध्ये त्याचं वय काढलं गेलं. २८ मादी शार्कपैकी सगळ्यात मोठीचं वय ३९२ वर्षं आलं, त्यात १२० वर्षं इकडेतिकडे धरायची. म्हणजे कमीत कमी धरलं तरी २७० पुढे. इतकी वर्षं जगणाऱ्या प्राण्याच्या डोळ्यावर किती पिढ्या परजीवी येऊन गेले असतील, असं मनात येतं.

आमच्या शेततळ्यातल्या माशांना काडीसारखं काही चिकटलंय. तसलंच तिकडेही असतं?

असतं, आणि हा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणाऱ्याने मासा हातात घेऊन पाहिलेला असतो. आटपाडी-जतकडच्या शेततळ्यांत कटला, रोहूच्या अंगावर बारीक हिरवट काडी उभी दिसते. खेचली तर तुटते, पण सुटत नाही. ती लर्निया, एक कॉपीपॉड. डोकं माशाच्या मांसात असतं आणि त्याला नांगरासारखे फाटे फुटलेले असतात.

थंड उत्तर अटलांटिकात कॉडच्या कल्ल्यात तिची मोठी बहीण आहे, लर्निओसेरा. इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली, रक्ताने टम्म भरलेली लाल पिशवी कल्ल्याच्या झाकणाखाली दिसते. डोकं कुठे आहे म्हणून शोधत गेलं, तर ते कल्ल्यातून आत शिरून थेट हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिनीपर्यंत पोचलेलं असतं, झाडाच्या मुळ्यांसारखे फाटे फुटून. असा कॉड अशक्त होतो. फरक एवढाच की आपली लर्निया एकाच तळ्यात, एकाच माशावर भागवते आणि ही आधी चपट्या माशांवर वाढते, मग कॉड गाठते.

तळ्यातल्या काडीवर औषध कोणतं, हे जिल्ह्याच्या मत्स्य विभागाला विचारा. कीटकनाशक अंदाजाने ओतू नका, मासे जातात आणि पाणीही जातं.

गोचिडीसारखं काही?

नॅथिया. अंटार्क्टिकातही आहे. पिल्लू माशाला चिकटून म्हशीच्या कासेवरच्या गोचिडीसारखं फुगतं, मग सुटून तळाशी जातं. मोठा झाल्यावर हा प्राणी काही खातच नाही. लहानपणी प्यालेल्या रक्तावर उरलेलं आयुष्य.

अंटार्क्टिकाच्या माशांना कॅन्सर झाला, असं वाचलं. खरं आहे का?

२०१८ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या अँडव्हर्ड उपसागरात ट्रेमाटोमस गटातल्या माशांच्या कातडीवर मोठ्या गाठी दिसल्या. जाळ्यात आलेल्या एका जातीतल्या बऱ्याच माशांना त्या होत्या. दिसायला हुबेहूब ट्यूमर. आत मात्र माशाच्या बिघडलेल्या पेशी नव्हत्या, एका एकपेशीय परजीवीच्या पेशी होत्या. अशा पेशी इतर समुद्रांतल्या माशांतही पूर्वी दिसल्या होत्या आणि त्या माशाच्याच की परक्या, यावर वर्षानुवर्षं वाद होता. म्हणून त्यांना ‘एक्स पेशी’ म्हणत. जनुकं तपासल्यावर त्या परक्या ठरल्या.

उणे दोन अंशांच्या समुद्रात अळी मरत नाही, मग डीप फ्रीजमध्ये कशी मरते?

सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि तो एका अकरावीच्या मुलीने विचारला होता.

रत्नागिरीहून आंबा घाटाने मासळी आपल्याकडे येते ती थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाचा चुरा घालून. त्या खोक्यातलं तापमान शून्याच्या आसपास. म्हणजे आपण ज्याला ‘बर्फातला मासा’ म्हणतो, तो अंटार्क्टिकाच्या समुद्रापेक्षा जवळजवळ दोन अंशांनी गरम आहे! अळीच्या दृष्टीने ते खोकं म्हणजे समुद्रच. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तर चार-पाच अंश. त्यामुळे बर्फातून काढलेल्या माशात अळी हलताना दिसणं यात नवल नाही.

डीप फ्रीज उणे १८ च्या पुढे जातो. तिथे अळीच्या अंगातलं पाणी खरोखर गोठतं आणि स्फटिक पेशी फाडतात. अमेरिकेचा नियम सांगतो : कच्चा खायचा मासा उणे २० अंशांवर ७ दिवस, नाहीतर झटपट गोठवून उणे ३५ वर १५ तास. युरोपात उणे २० अंशांवर २४ तास पुरे मानतात, पण ते तापमान माशाच्या गाभ्यात पोचलेलं हवं. घरच्या फ्रीजचा भरवसा कमी, तेव्हा आठवडा धराच.

हळद-मीठ-लिंबू लावून ठेवलं तर?

त्याने अळी मरेल असं धरू नका. व्हिनेगरचंही तेच. मारते ती उष्णता : तुकड्याच्या गाभ्याला ६० अंश किमान मिनिटभर. आपल्याकडचं कालवण किंवा तव्यावरचा तुकडा त्याच्या कितीतरी पुढे जातो, म्हणून जिवंत अळी पोटात जाऊन होणारा आजार आपल्या स्वयंपाकघरात सहसा दिसत नाही.

पुण्यात सुशी खाल्ली, त्यात साल्मन होता. घाबरू का?

साल्मन पिंजऱ्यात वाढवलेला असेल, तर धोका फारच कमी, कारण तो क्रिल किंवा छोटे मासे न खाता गोळीखाद्यावर वाढतो, साखळीच तुटते. समुद्रात पकडलेला, न गोठवलेला कच्चा मासा असेल तर धोका असतो. माणूस या अळीचा पोशिंदा नव्हे. ती आपल्या जठरात वाढू शकत नाही, पण भिंतीत तोंड खुपसते. खाल्ल्यावर काही तासांत पोटात जबर कळा, उलट्या. दुर्बिणीने अळी काढली की आराम पडतो. १९६०मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट ओळखलं, तिथे हलकं मीठ लावलेला हेरिंग मासा कच्चा खायची रीत आहे. काही लोकांना मेलेल्या अळीचीही ॲलर्जी होते. अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला तर डॉक्टरांना ‘मासा खाल्ला होता’ एवढंच नको, ‘कच्चा की शिजवलेला’ हेही सांगा.

समुद्र तापतोय. जंत वाढतील की कमी होतील?

एका शब्दात उत्तर नाही, आणि ते शोधण्याची पद्धत मला उत्तराइतकीच मोलाची वाटते. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात जुन्या बरण्या आहेत. फॉर्मॅलिन पिवळं पडलंय, माशांचा रंग गेलाय आणि दर दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी विचारतं, हे टाकायचं का? अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या संशोधकांनी तसल्याच बरण्या उघडल्या. १८८० ते २०१९ दरम्यान साठवलेले ६९९ मासे, त्यांतून १७,२५९ परजीवी मोजले. तीन किंवा अधिक पोशिंदे लागणारे परजीवी दर दशकाला सुमारे ११ टक्के घटले होते, आणि घट पाण्याच्या वाढत्या तापमानाशी जुळत होती. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं.

लगेच २०२४ मध्ये त्यांच्याच गटाने अलास्काचे डबाबंद साल्मन तपासले. १९७९ ते २०२१ दरम्यानचे १७८ डबे. त्यांत उलट दिसलं : साल्मनच्या दोन जातींमध्ये ॲनिसाकिसच्या कुळातले जंत वाढले होते, दोन जातींमध्ये फरक नव्हता. एक शक्यता अशी की सील आणि देवमाशांना १९७०च्या दशकापासून संरक्षण मिळालं आणि जंतांना घर परत मिळालं.

ध्रुवाकडे या दोन्ही ओढी एकाच वेळी लागू आहेत. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांच्या आसपास देवमासे मारले गेले. व्यापारी शिकार १९८६ पासून थांबवण्यात आली आणि काही जाती सावरत आहेत. त्याच वेळी बर्फ हटतोय, क्रिल दक्षिणेकडे सरकतंय. साखळीतली एक कडी निखळली, तर पहिला जाईल तो जंत. त्याच्यासाठी कुणी आंदोलन करणार नाही, पेपरात बातमी येणार नाही. म्हणून त्या बरण्या टाकू नका, हे मी दर दिवाळीला सांगतो.

सातारा-सांगलीच्या मुलाला या विषयात काम करता येईल?

येईल. भारताची अंटार्क्टिकात मैत्री आणि भारती ही केंद्रं आहेत, उत्तरेकडे स्वालबार्डमध्ये २००८ पासून हिमाद्री. या सगळ्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो, सांगलीहून एका रात्रीच्या अंतरावर. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करा, पण त्याआधी कृष्णेतल्या मरळीचा जंत नीट ओळखायला शिका. हात तिथेच बसतो.

बांगडा साफ करताना जंत निघाला. काय करू?

मासा टाकायची गरज नाही. आतडी, यकृत काढून टाका, पोटाच्या पाळीचा भाग कापा आणि नीट शिजवा. बर्फातला मासा फार वेळ न उघडता ठेवू नका, मासा मेल्यावर काही अळ्या पोटातून मांसाकडे सरकतात.

आणि वेळ असेल तर तो जंत फेकण्याआधी बघा. आमच्या घरी ओट्यावर पहिल्यांदा असा निघाला, तेव्हा मुलीने बशीत मिठाचं पाणी घेऊन त्यात ठेवला. पांढरी, चपटी गुंडाळी, मुगाच्या दाण्याएवढी. दोन मिनिटांनी ती सैल झाली, एक टोक वर उचललं गेलं आणि बशीच्या कडेवर चाचपडायला लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या टोकाला एक बारीक दात दिसतो, भिंत फोडायचा.

जपून ठेवायचा असेल तर आधी गरम पाण्यात टाका, म्हणजे सरळ होऊन मरेल. मग ७० टक्के अल्कोहोल असलेल्या छोट्या बाटलीत घाला. आत चिठ्ठी टाका : माशाचं नाव, कुठून आला, तारीख, शरीराच्या कुठल्या भागात सापडला. चिठ्ठी पेन्सिलने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते आणि मग नुसता जंत उरतो, तो कुठला ते कुणालाच सांगता येत नाही.